वायर काढल्यावर आलेला हुंकार

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून भांडी घासायला जाणारी मी. देवचार, चकवा… असलं काही मी कधी मानलं नाही, अजूनही मानत नाही. हे इथे नाव न देता लिहितेय, कारण मला याची भीती कमी आणि लाज जास्त वाटते.

२००२ सालची गोष्ट. आम्ही रत्नागिरीजवळ मिऱ्याला राहायचो. घरात मी आणि सासूबाई, माझे मिस्टर जहाजावर फिटर. बोट बंदराला लागली की ते व्हॉइस चॅटवर यायचे आणि आम्ही दोघी सिटी बसने एसटी स्टँडजवळच्या सायबर कॅफेत जायचो. हेडफोन एकच, तो अर्थातच सासूबाईंच्या डोक्यावर. मी मागे उभी. "अगो, तुझा काय तो मागनं सांग," म्हणायच्या, आणि माझी पाळी येईपर्यंत ब्राउझर न चुकता हँग व्हायचा. लग्नाला एवढी वर्षं होऊन नवऱ्याशी माझं बोलणं म्हणजे "बरी आहे, ठेवते".

त्या दिवशी तर विंडो उघडली तीच पांढरीफटक. कॅफेवाले संदेशभाऊ करवादले, "ह्या ब्राउझरान डोका उठवलान माझा. बंद केला तरी मागं चालूच ऱ्हाता मेला." शेवटी त्यांनी मोडेमची वायरच उपटली आणि ती हातात घेऊन खाली पीसीओवरून तक्रार करायला गेले. सासूबाई वैतागून भाजी घ्यायला उतरल्या. मला म्हणाल्या, "तू जागा धरून बस."

बसले. प्लायवूडची केबिन, दुपारची वेळ, बाकी कुणी नाही. हेडफोन पहिल्यांदाच निवांत माझ्या कानावर. आणि मला काय झालं कोण जाणे… लाइन नाही, कुणी ऐकत नाही हे माहीत होतं म्हणूनच असेल—मी त्या पांढऱ्या स्क्रीनशी बोलायला लागले. उखाण्याशिवाय कधी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, ते घेतलं. चक्क अरे-तुरे केलं. "विलास, पुढच्या कॉन्ट्रॅक्टवर सही करू नको रे. बास झालं. आईंना तू हवास, मला नकोस काय? तुझा निळा शर्ट मी अजून धुतलेला नाही. उशाशी घेऊन झोपते." (विलास हे खरं नाव नाही. खरं लिहितानाही हात अडतो.)

आणि हेडफोनमध्ये "हं" आलं. ते नेहमी देतात तसाच हुंकार.

मी हेडफोन काढून टाकला. तेवढ्यात संदेशभाऊ वर आले, वायर त्यांच्या हातातच. त्यांनी ती विंडो बंद केली, तीन बटणं एकदम दाबून बघितलं, तरी ब्राउझर मागे चालूच. एंड टास्क करून करून थकले आणि भिंतीवरचं बटणच बंद केलं. "बघितलंत काय वैनी, लाइन नाय न् काय नाय, कोणाशी बोलता मेला कोण जाणे." माझे कान तापले.

पुढे मिस्टर सुट्टीवर आले. जेवणं झाली, सासूबाई आत आडव्या झाल्या. मी ताटं उचलत होते तेव्हा ह्यांनी हळूच विचारलं, "तो निळा शर्ट धुतलास काय गो?"

मी कॅफेत बोलले त्या दिवशी त्यांची बोट ठरल्यापेक्षा आधीच बंदर सोडून भर समुद्रात होती. तिथे ना नेट, ना फोन. इंजिन रूममधून वर येऊन चहा पीत असताना माझा आवाज कानात आला म्हणाले, शेजारी बसून बोलावं तसा. सगळं ऐकलं होतं त्यांनी—आईंबद्दलचं, शर्टाचं, मी घेतलेलं नावसुद्धा. "मी हं म्हटलं की," म्हणाले, "मग तूच थांबलीस." मला तोंड कुठे लपवू असं झालं. पुढच्या कॉन्ट्रॅक्टवर त्यांनी सही केली नाही.

नंतर मी कॉम्प्युटर शिकले. ब्राउझर बंद केला तरी मागे का चालू राहतो, ते आता समजतं. माझं बोलणं तिथवर कसं गेलं, ते काही समजलेलं नाही. हे आता इथेच एका वर्कशॉपमध्ये आहेत, रोज समोर बसून जेवतात. आणि ते समोर असताना त्या दुपारचं एक वाक्यही मला आजवर बोलता आलेलं नाही… "अहो, भात वाढू का," एवढंच तोंडातून निघतं.