बंदोबस्तमामा आणि न हलणारा धूर

फट दिसली की बंदोबस्तमामांचे हात शिवशिवायचे. मग ती दाराखालची असो, खिडकीची असो, नाहीतर परक्याच्या घरातली असो. एकदा न्हाव्याकडे अर्ध्या गालाला साबण फासलेला असताना हे गृहस्थ उठले आणि त्याच्या दुकानाच्या दारात कागदाची घडी कोंबून आले. "मानेला वारा लागत होता, बंदोबस्त करून टाकला," म्हणाले आणि परत खुर्चीत बसले. आता अशा माणसाला गल्लीने दुसरं काय नाव ठेवायचं, तुम्हीच सांगा!

धंदाही तोच. खिडक्या-दारं बसवायची, जुन्या चौकटींना रबरपट्टी लावायची, भेगा बुजवायच्या. त्या गावची थंडी हाडात शिरणारी आणि रस्त्यावरची धूळ थेट ताटात उतरणारी, त्यामुळे मामांना बोलावणं सारखं. फटीच्या कामाला त्यांनी जन्मात कधी नाही म्हटलं नव्हतं. काम संपलं की त्यांचा एक खेळ ठरलेला. मेणबत्ती पेटवायची, फुंकर मारून विझवायची आणि तिचा धूर बंद खिडकीजवळ धरायचा. धूर जरासुद्धा न हलता सरळ वर गेला की मामा मिशीतल्या मिशीत हसणार. "बघा! मुंगीचा श्वाससुद्धा आत येणार नाही." गिऱ्हाईक खूश, आणि मामा हत्यारं गोळा करून पुढच्या घरी.

स्वतःचं घर मात्र तसंच राहिलं होतं. "लोकांच्या घरी बंदोबस्त आणि आपल्या घरी वारा मोकाट," असे टोमणे बायको मारायची. शेवटी या थंडीआधी मामा पेटून उठले. खिडक्या नव्या केल्या, दारांखाली पट्ट्या ठोकल्या, न्हाणीघराच्या झरोक्यावर फळी मारली. स्वयंपाकघरातला धूर बाहेर फेकणारा पंखा बंद असला की त्यातून गार झुळूक यायची, म्हणून पंखाच काढला, भोकात थर्माकोल कोंबला आणि वरून पुट्टी फिरवली. अहो, हौसेलाही काही मर्यादा? पण मामांना कोण सांगणार! धूर सरळ गेला आणि मामा धन्य झाले.

घोडं अडलं ते नातीपाशी. लेकीची लेक, वय सात, एका जागी बसेल तर शपथ, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. दर सुट्टीला ती आजोबांकडे राहायला यायची आणि घर डोक्यावर घ्यायची. मामांचा जीव की प्राण! पण या थंडीत ती आली की पहाटे खोकायला लागायची. आपल्या घरी गेली की दोन दिवसांत ठणठणीत. असं तीनदा झाल्यावर लेक म्हणाली, "बाबा, राग मानू नका, पण सध्या तिला तुमच्याकडे झोपायला पाठवत नाही. मोठ्या सुट्टीतही नाही."

मग सुरू झाली शोधाशोध. आधी संशय शेजारच्या मांजरावर. मग लोकरीच्या पांघरुणावर. मग बायकोच्या पावडरीवर.

"माझ्या पावडरीचं नाव काढलंत तर याद राखा," बायको म्हणाली. "आधी घराला ओल्या फडक्यासारखा वास का येतो ते बघा. रोज सकाळी घामेजलेल्या काचा पुसून पुसून माझे हात दुखायला लागलेत."

"तो नव्या रबराचा वास आहे," मामा म्हणाले. त्यांना एकच कळत होतं: पोरगी खोकते म्हणजे कुठूनतरी वारा शिरतोय. त्यांच्या नजरेतून एखादी फट सुटली होती, आणि ती आज सापडलीच पाहिजे होती.

मेणबत्ती घेऊन ते नातीच्या खोलीत शिरले. खिडकीची एक बाजू झाली, धूर सरळ. दुसरी बाजू, सरळ. वरची कड, खालची कड, दार. सगळीकडे एकदम सरळ! मामा वैतागून पलंगावर टेकले. आणि बसल्या बसल्या त्यांची नजर वर गेली.

सगळा धूर तिथेच होता. दिव्याखाली निळसर थर होऊन लोंबकळत होता. मामा बघत राहिले. चहा झाला, परत आले, तरी महाराज तिथेच! गिऱ्हाइकाकडे चाचणी झाली की मामा निघायचे. पुढे तो धूर जातो कुठे, हे बघायला ते उभ्या आयुष्यात कधी थांबले नव्हते.

"अगं," त्यांनी हाक मारली, "जरा हे कपाट सरकवायला ये."

कपाट भिंतीपासून ओढलं आणि दोघांच्या तोंडचं पाणी पळालं. नातीच्या उशाजवळची भिंत काळ्या बुरशीने भरली होती. आंघोळीची वाफ, स्वयंपाकाची वाफ, घरात वाळत घातलेल्या कपड्यांची ओल, सगळं मामांनी आत कोंडून ठेवलं होतं.

"अहो, पोरीला आपण बरणीत झोपवत होतो," बायको हळूच म्हणाली.

मामांना रडू आलं. पण रडत बसतील तर ते मामा कसले! नाकाला फडकं बांधून आधी बुरशी खरवडली, भिंत धुऊन सुकवली. न्हाणीघराची फळी उखडली. थर्माकोल उपसून पंखा परत बसवला. दाराखालच्या पट्ट्या काढल्या, कपडे गच्चीवर गेले. रोज सकाळी समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडायच्या, असं बायकोने फर्मान काढलं. राहिली नातीच्या खोलीची खिडकी. जिला रंधा मारताना मामा जेवायचे विसरले होते, तीच. तिच्या वरच्या पट्टीवर त्यांनी करवत ठेवली आणि डोळे मिटले.

"मिटून कापू नका, बोट जाईल," बायको म्हणाली.

तिथे वीतभर लांब फट तयार झाली. आतून जाळी, बाहेरून पावसासाठी छोटी झडप. मामांनी मेणबत्ती विझवून धरली. धूर हलला, वाकडा झाला आणि फटीतून बाहेर पळाला.

बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर लेक तयार झाली. "एकच रात्र, बाबा. खोकली तर सकाळी घेऊन जाईन." संध्याकाळी भिंगरी आली, भिरभिरली, जेवली आणि अंथरुणात शिरली. मग तिने हाक मारली.

"आजोबा, वरून वारा येतोय! कपाळाला लागतोय. याचा बंदोबस्त करा ना!"

मामांचा हात सवयीने खिशातल्या पुट्टीकडे गेला. दारात बायको उभी होती. मामांनी हात रिकामाच बाहेर काढला, आपली लोकरी टोपी नातीच्या डोक्यावर कानांपर्यंत ओढली आणि वर आणखी एक पांघरूण घातलं.

"नाही," ते म्हणाले. "हे काम मी घेत नाही."

सकाळी लेकीचा फोन वाजायच्या आत मामा फोनपाशी बसलेले होते. पण भिंगरीने तो त्यांच्या हातातून हिसकावला.

"आई, आजोबा मला नाही म्हणाले! फट बुजवा म्हटलं तर सरळ नाही म्हणाले, आणि ती टोपी इतकी टोचते, आणि आजीने उजाडल्या उजाडल्या सगळ्या खिडक्या उघडल्या, आणि मी ओरडले तरी कुणी ऐकलं नाही, आणि आता दोघं माझ्याकडे बघून हसतायत!"

एवढी तक्रार तिने एका दमात केली, मध्ये एकदाही न खोकता.

"आजोबांना सांग," पलीकडून लेक म्हणाली, "तुझे बाकीचे कपडे मी दुपारी आणून देते."