कोंबडी बसवणारा हात

सर्व संबंधितांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, लग्नानंतरची पहिली काही वर्षं माझा उजवा हात सासरी स्थानबद्ध होता. त्याच्यावर आरोप काही नव्हता. उलट गुण चांगला होता, म्हणूनच त्याला गावाची शीव ओलांडायची मनाई होती. आणि मी त्या हाताला खांद्यापाशी जोडलेली असल्यामुळे मलाही नाइलाजाने त्याच्याबरोबर राहावं लागलं. ज्यांना हसू येत असेल त्यांनी हसून घ्यावं. मी तेव्हा हसत नव्हते. हसायला दम लागतो, आणि तो माझ्यात दुपारपर्यंतसुद्धा उरत नसे.

आमचं घर सिंदेवाहीपासून कोसभर आत, धानाच्या बांध्या संपून सागाचं रान सुरू होतं तिथे होतं. एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. शेती होती, पण तिचा भरवसा पावसाळ्यापुरता. बारा महिने घर चालायचं ते कोंबड्यांवर आणि दुसऱ्यांच्या कुत्र्यांवर. कोंबड्यांचं कुणालाही समजेल: मामाजी, म्हणजे माझे सासरे, डाकबंगल्यावर अंडी आणि तलंगा, म्हणजे कोवळ्या कोंबड्या, पुरवायचे. कुत्र्यांचं मात्र बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. जंगलखात्याचे साहेब दौऱ्यावर निघाले की तंबूत राहायचे, आणि तंबूपाशी बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला वाढून ठेवलेलं ताट. एका साहेबांचं कुत्रं असंच गेलं. सकाळी खुंटीला साखळी तेवढी राहिली. तेव्हापासून साहेब लोक दौऱ्याला किंवा रजेवर जाताना आपली कुत्री आमच्याकडे सोडू लागले. मामाजींनी अंगणाला बांबूचं दुहेरी कुंपण घातलं आणि कुत्र्यांसाठी जाड मातीच्या भिंतींची खोली बांधली. ती आमच्या झोपायच्या खोलीपेक्षा थंड होती. हे मी अंदाजाने सांगत नाही. वैशाखात तिथे झोपून पाहिलेलं आहे.

आता एकाच अंगणात कोंबड्या आणि कुत्री म्हणजे काय, ते डोळ्यांसमोर आणा. कुत्री मोकळी असली की कोंबड्या डाल्याखाली. कोंबड्या चरायला सुटल्या की कुत्री खोलीत. सगळा दिवस या पाळ्यांमध्ये जायचा. पहाटे डाली उचला, खुराडं झाडा, राख टाका. मग कोंबड्यांना परत हाकला, एकेक कोंबडी, आणि ती शेवटची जी नेहमी तुळशीमागे बसते ती. मग कुत्र्यांना सोडा, त्यांचा भात शिजवा, त्यांच्या कानांतल्या गोचिड्या काढा, विहिरीचं पाणी ओढा. मग कुत्र्यांना आत घ्या. साहेबांच्या कुत्र्यांना आमची भाषा कळत नसे, त्यामुळे 'चल' म्हटलं की ती बसायची आणि 'बस' म्हटलं की माझ्या अंगावर यायची. घरात कुणीही कुणालाही भेटलं की पहिला प्रश्न एकच.

"सूनबाई, आता बाहेर कोन हाये? कुत्रे का कोंबड्या?" सासूबाई चुलीपासून ओरडायच्या.

"बाई, आता त मीच हाये."

"मंग उभी काऊन हायेस? झाड न अंगन!"

सासूबाईंना मी बाई म्हणायची. बारीक, काटक, कमरेत जराशा वाकलेल्या. त्या बसलेल्या मला फारशा आठवत नाहीत. जेवायच्यासुद्धा उकिडव्या, एक डोळा दाराकडे ठेवून.

तर हाताची गोष्ट. आमच्या घरात खुडूक, म्हणजे उबवायला आलेली, कोंबडी अंड्यांवर बसवायची एक रीत होती. दिवेलागणीला, टोपलीत धानाचं तणस पसरून, त्यात लोखंडाचा तुकडा, एक कोळसा आणि एक लाल मिरची ठेवायची. मग अंडी मांडायची आणि वर कोंबडी. हे सगळं एकाच हाताने, एकाच माणसाने. आणि ज्या माणसाने ती बसवली, त्याने पिल्लं फुटेपर्यंत शिवेबाहेर पाऊल टाकायचं नाही. हात लांब गेला की अंड्यांतली ऊब त्याच्यामागे निघून जाते, असं बाई म्हणायच्या. सारी अंडी घाण होतात.

लग्न होऊन आले त्याच हंगामात बाईंनी सहज म्हणून मला एक कोंबडी बसवायला लावली. मी नवी नवरी, हातभर बांगड्या, मोठ्या झोकात बसवली. एकूण एक अंडं फुटलं. एकही वाया गेलं नाही. मी अंगणभर मिरवले, आजूबाजूच्या बायकांना बोलावून दाखवलं. माझ्यासारखी मूर्ख त्या पंचक्रोशीत दुसरी नसेल. बाईंनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला, उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, "माह्या हातात आता काई राह्यलं नाई वो पोरी. आजपासून तूच बसवत जाय."

एक कोंबडी असती तर तीन आठवड्यांची कैद. पण आमच्याकडे कोंबड्यांचा कळप. एकीची पिल्लं बाहेर यायच्या आत दुसरी खुडूक होऊन फुगून बसलेली. माझा हात एका टोपलीतून सुटायचा तो दुसऱ्या टोपलीत अडकलेला असायचा. माझं माहेर मूल गावाच्या पलीकडे, एका मोठ्या तलावाच्या काठी. पहाटे रेंगी, म्हणजे छोटी बैलगाडी, जुंपली तर दिवेलागणीला माणूस पोचतं. पण मी पोचत नव्हते. दिवाळी गेली, आखाडी गेली. धाकट्या बहिणीचं साक्षगंध झालं, तेव्हा मी इथे एका लंगड्या कोंबडीखाली अंडी सरकवत होते.

मग निरोप आला की वैशाखात त्या बहिणीचं लग्न. ती मला बिलगून झोपणारी. मी सासरी निघाले तेव्हा रेंगीच्या मागे तलावाच्या पाळीपर्यंत धावत आलेली. मी ठरवलं, या लग्नाला मी जाणार. आणि मी कामाला लागले. कोंबडी खुडूक झाली की तिला माठातल्या पाण्यात बुडवून काढायची. तरी ऐकेना तर नाकातून पीस ओवायचं. जुन्या बायकांचा उपाय आहे तो. कोंबडी पीस काढायच्या नादात बसायचं विसरते. त्या चैत्रात आमच्या अर्ध्या कोंबड्या नाकात पीस घालून नथ घातल्यासारख्या हिंडत होत्या. ह्यांनी, माझ्या नवऱ्याने, विचारलंसुद्धा, "आपल्या इथी कोनाचं लग्न हाये?"

मोठ्या कष्टाने दिवस जुळले. शेवटच्या टोपलीतली पिल्लं फुटली, आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी माझा भाऊ रेंगी घेऊन दारात हजर झाला. धुळीने पांढरा झालेला. मी त्याला पाणी दिलं आणि वळले, तर सासूबाई टोपलीत तणस पसरत होत्या. शेजारी अंड्यांचा ढीग.

"बाई, हे काय?"

"लालतुरी खुडूक झाली. तिले बुडवून नाई चालत, ते मरन. अन् हे अंडे या उन्हात राह्यतीन का? संध्याकाळी बसव."

"बाई, मले उद्या पहाटे निंगायचं हाये!"

"माहीत हाये."

भाऊ ओसरीवरून म्हणाला, "बाई, एका कोंबडीसाठी बहिनीचं लगन सोडते का कोनी? तुमीच बसवा न."

बाई त्याच्यावर खेकसल्या नाहीत. खेकसल्या असत्या तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. त्या तणस पसरत राहिल्या आणि खाली बघूनच बोलल्या. "माही माय गेली तवा मी गेलो होतो, भाऊ. टोपली बसवूनच गेलो. वापस आलो त सारे अंडे घान. अन् मंग त्याच पावसात मानमोडी आली, खुराडं पुरं रिकामं झालं. माह्या सासूनं मले काई म्हटलं नाई. रांधलं अन् वाढलं. पन मंग मी कुठी गेलो नाई."

मानमोडी म्हणजे कोंबड्यांचा रोग. मान वाकडी करून एकेक कोंबडी मरते आणि पाहणाऱ्याला करण्यासारखं काही नसतं. तो रोग टोपलीमुळे येत नाही, हे मला तेव्हाही वाटत होतं. पण मी भावाचा रिकामा पेला उचलून आत नेला. त्याने बैलांना पेंढा टाकला आणि रेंगीखाली जाऊन आडवा झाला.

मी त्या दुपारी रडले नाही. कुत्र्यांना सोडलं, कोंबड्यांना कोंडलं, भात चढवला. इतकी दमले होते की रडणं म्हणजे आणखी एक काम वाटत होतं.

आता एक पात्र रंगमंचावर आणायचं राहिलं आहे. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे एका साहेबांची, लांब कानांची, तांबूस कुत्री होती. साहेब बाईसाहेबांना घेऊन पचमढीच्या थंड हवेला गेले होते आणि हिला आमच्या गरम हवेत ठेवून गेले होते. भातावर रोज एक अंडं फोडून घातल्याशिवाय ही बया जेवत नसे. उरलेली ती चोरायची. गेले काही दिवस तिचं काहीतरी बिनसलं होतं. पोट सुटलेलं, आचळं भरलेली, आणि पोटात पिल्लू एकही नाही. खोटं गाभण. घरभर फिरून ती मऊ वस्तू गोळा करायची: माझं पोलकं, मामाजींचं पागोटं, एक नारळाची शेंडी. सगळं कोपऱ्यात नेऊन त्यावर कण्हत बसायची.

दिवेलागण झाली. मी हातपाय धुतले, लालतुरीला काखेत घेतलं, मिरची आणि कोळसा घेतला, आणि फाशी जाणाऱ्याच्या चालीने, बाईंनी टोपली आणि अंडी ठेवली होती त्या मागच्या खोलीत गेले. टोपलीत कुत्री होती.

गोल वेटोळं करून, शेजारची अंडी सगळी पोटाखाली ओढून घेऊन, हनुवटी टोपलीच्या काठावर ठेवून. एकही अंडं फुटलेलं नव्हतं. मी हात पुढे केला. तिने वरचा ओठ उचलला आणि सगळे दात मला एकदम दाखवले. मी हात मागे घेतला. हात घरच्या मालकीचा होता, मी असा कसा धोक्यात घालणार?

"बाई! वो बाई! लवकर या!"

बाई आल्या. ह्यांना बोलावलं, भाऊ रेंगीखालून उठून आला, मामाजी कंदील घेऊन आले. आम्ही सगळे टोपलीभोवती उभे. बाईंनी पदर खोचला. "ऊठ! ऊठ वो रांडके! ते का तुहे लेकरं हायेत?" कुत्रीने डोळे मिटले. बाईंनी काठीने टोपली हलवली, तशी कुत्री एवढी भुंकली की माझ्या काखेतली लालतुरी निसटून ह्यांच्या डोक्यावर जाऊन बसली.

"बसली म्हना," हे म्हणाले.

भाऊ हसत भिंतीला टेकला. मला मात्र एकदम सुचलं. थकलेल्या माणसाला कधीकधी फार स्वच्छ दिसतं.

"बाई," मी म्हटलं, "ही टोपली कोनं बसवली?"

"आँ?"

"मी हात लावला नाई. तुमी लावला नाई. हिनंच बसवली."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग टोपलीकडे. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. त्या खरोखरच विचार करत होत्या. तणस त्यांनी पसरलं होतं, पण तणसाचं काही नसतं. अंडी मांडणं आणि वर बसणं हेच खरं, आणि ते दोन्ही इथे एकाच जिवाने केलं होतं.

मामाजी सहसा बोलत नसत. त्यांनी कंदील खुंटीला अडकवला. "जिनं बसवली तिले शीव ओलांडता येत नाई. साहेबाचा मानूस न्यायले आला त सांगू, पिल्लं फुटल्याबिगर भेटत नाई. बाकीच्याईनं कुठी जायचं तिथी जावं."

निकाल झाला. त्यांचे शब्द मी आजही जशाच्या तशा स्वरात म्हणून दाखवते, तोंड त्यांच्यासारखंच कोरडं ठेवून.

पहाटे रेंगी जुंपली. मी नवं लुगडं नेसून वर चढले. हे बैलांपाशी उभे. त्यांना सगळं समजावून दिलं होतं: आधी डाली, मग खोली, तुळशीमागची कोंबडी विसरायची नाही, टोपलीतल्या बाईंना भात आणि पाणी जागेवर न्यायचं. ते मान हलवत होते, पण चेहरा असा की पहिल्यांदाच ऐकताहेत. मामाजी ओसरीवर दातण करत होते. बाई फाटकापाशी आल्या. हातात कुत्र्यांच्या भाताचं गंज, कोपरापर्यंत राख.

"नवरीले माहा आशीर्वाद सांग," त्या म्हणाल्या. "अन् पोट भरून खाजो. तिथी झाडू हातात घेऊ नोको."

"हव बाई."

"अन् झोपजो वो. दुपारी झोपजो."

भावाने बैलांना हाक दिली. चाकं करकरली, रेंगी फाटकातून बाहेर पडली आणि सागाच्या वाटेला लागली. मी मागे तोंड करून बसले होते, म्हणून सगळं मला दिसलं. बाई तशाच उभ्या होत्या. मग त्यांनी खाली गंजाकडे पाहिलं, मागे वळून अंगणाकडे पाहिलं. आत कोंबड्या ओरडायला लागल्या होत्या, कुत्री दाराला नखं घासत होती, आणि हे कुणाला आधी सोडायचं ते विचारत होते. बाईंनी गंज जमिनीवर ठेवलं. लुगड्याला हात पुसले. आणि मग, त्यांच्या मनात नसताना तोंडून निघून गेल्यासारखं, जोरात:

"थांब गा भाऊ! मले बी घेऊन चाल!"