वाशीजवळची शत्रूची छावणी

"वाशीजवळ शत्रूची छावणी आहे," असं आमच्या सॉफ्टवेअरनं स्क्रीनवर जाहीर केलं. कर्नलसाहेब खुर्चीत सरसावून बसले. आमचे बॉस देसाई सर तर असे फुलले, की जणू ती छावणी त्यांनीच पकडली.

आम्ही सैन्यासाठी डिसिजन सपोर्ट टूल बनवतो. निर्णय अधिकारीच घेतो. कॉम्प्युटर फक्त नकाशे, हवामान, स्थानिक बातम्या चाळून कुठला रस्ता धरावा ते सुचवतो. धोका दिसला की लाल ठिपका टाकतो. त्या दिवशी ट्रायल होती. वाशीच्या पलीकडच्या माळावर दोन ट्रक पोचवायचे. ट्रायल फसली तर प्रोजेक्ट बंद आणि आमची अख्खी टीम घरी.

"स्ट्रेंथ?" कर्नलसाहेबांनी विचारलं.

देसाई सर वाचू लागले, "मोठी तुकडी. रसद ट्रॅक्टरनं येते. पाण्याचा टँकर दुपारी."

"शस्त्रं?"

"माहिती नाही. शिफारस आहे, रसद तोडा आणि लांबच्या रस्त्यानं जा."

मी अणदूरची, त्याच दुष्काळी भागातली. मी मधेच बोलले.

"सर, ती चारा छावणी आहे. दुष्काळात जनावरं सांभाळतात तिथं."

टूलच्या शब्दकोशात छावणी म्हणजे सैन्याचा तळ, एवढाच अर्थ भरलेला. आमच्याकडं छावणी म्हटलं की आधी कडबा आठवतो, हे शब्दकोश भरणाऱ्या बंगळूरच्या टीमला कोण सांगणार!

कर्नलसाहेब इतके हसले, की कपातला चहा सांडला. देसाई सरांचा चेहरा बघून मला रडूच यायचं बाकी होतं.

"म्हशींना घाबरून वळसा घालायचा?" कर्नलसाहेब म्हणाले. "एक ट्रक तुमच्या टूलच्या रस्त्यानं जाऊ दे. दुसरा सरळ जाईल. मी स्वतः बसतो त्यात. मॅडम, तुम्हीही चला."

आम्ही छावणीपाशी पोचलो आणि तेवढ्यात टँकर आला. हौद रस्त्याच्या पलीकडं होता. दावी सुटली, रस्ता म्हशींनी भरून गेला. हॉर्नला कुणी भीक घालेना. एक म्हैस तर बॉनेटला अंग घासत निवांत उभी राहिली.

कर्नलसाहेब खाली उतरले. काठीवर रेललेल्या म्हाताऱ्या गुराख्याला म्हणाले, "काका, रस्ता मोकळा करा. मिलिटरीची गाडी आहे."

"व्हय की साहेब, मला दिसतंय. पर त्यायला कुठं कळतंय? लई तहानल्यात. पाणी पिऊ द्या, मग हलतेत."

आम्ही माळावर पोचलो तेव्हा टूलच्या रस्त्यानं गेलेल्या ट्रकचे जवान जेवून पत्ते खेळत बसले होते.

टूल पास झालं. कॉम्प्युटरला काही न कळताही त्याचं उत्तर बरोबर येऊ शकतं, एवढं मी त्या दिवशी शिकले. मग शब्दकोशात छावणीचा दुसरा अर्थ भरला आणि तो लाल ठिपका पुसायला घेतला.

"राहू दे," कर्नलसाहेब म्हणाले. "तिथं शत्रू आहे."