चपलांवरचा दगड

माळशेजच्या पॉइंटवर गाडी थांबवायची नाही, असं मी आमच्या ह्यांना मुरबाड सोडतानाच बजावलं होतं. घाटावर त्यांच्या मावसभावाच्या मुलीचा साखरपुडा. आम्ही आधीच उशिरा निघालेलो. माझ्या अंगावर इस्त्रीची साडी, मांडीवर पेढ्यांचा डबा. पण हा माणूस माझं ऐकेल तर शपथ! वळण आलं तशी गाडी कडेला घेतली आणि म्हणाले, "दोन मिनिटं गो. एक फोटो काढू. लोकं कुठून कुठून येतात हे बघायला, आपण नुसतेच जातो."

"मग जाऊ दे की नुसतं. मला काय नवीन आहे त्या दरीत?"

खरंच नव्हतं. माझं माहेर त्या दरीच्या तळाशी आहे, वैशाखऱ्याहून आत गेलेला एक पाडा. लोक ज्याला व्ह्यू म्हणतात ते आमचं परसदार. तिथं आम्ही लाकडं वेचली, करवंदं खाल्ली, शेळ्यांमागे धावून गुडघे फोडून घेतले. लग्न होऊन किन्हवलीला गेले तेव्हा कुठं मला कळलं की ही जागा बघायला माणसं सुट्टी काढतात. मला तर हसूच आलं होतं.

दिवाळी होऊन गेली होती. धबधबे आटलेले, गवत पिवळं पडलेलं, खाली भात कापून झालेली खाचरं उघडी पडलेली. कठड्यापाशी चार-पाच मोटारसायकली उभ्या होत्या. एक जण मक्याची कणसं भाजत होता, पोरं सेल्फी काढत होती, आणि माकडं सगळ्यांच्या पिशव्यांवर डोळा ठेवून बसली होती. ह्यांनी मला कठड्याला टेकून उभं केलं. "जरा हस की. लोकांना काय वाटेल, नवऱ्यानं ढकलत आणलंय?" मी रागानं मान फिरवली, आणि मला मोटारसायकलींच्या रांगेत ते सीट दिसलं.

मी शिवणकाम करते. ते सीटकव्हर मीच शिवलं होतं. पडद्याचं उरलेलं मरून कापड, कडेनं पिवळी पट्टी, आणि एका कोपऱ्यात पिवळी कमी पडली म्हणून जोडलेली हिरवी. असं कव्हर आख्ख्या मुलखात एकच, माझ्या धाकट्या भावाच्या गाडीवर.

आधी मला आनंदच झाला. अगो बाई, हा इकडं कुठं, म्हणून मी हाक मारायला तोंड उघडलं. मग आजूबाजूला बघितलं. तो कुठंच नव्हता. आणि मी घाबरले.

का घाबरले तेही सांगते. भावाचं लग्न मोडलं होतं. उन्हाळ्यात साखरपुडा झालेला, सगळा पावसाळा दोघं फोनवर बोलत होती. आईला फोन लावला तरी मागून ह्याचं हळूहळू बोलणं ऐकू यायचं. नवरात्रात मुलीकडून निरोप आला. मुलाची कल्याणला रूम नाही, मुलीला पाड्यावर राहायचं नाही. निरोप आणणाऱ्यानं आमच्या घरी चहासुद्धा घेतला नाही. त्या दिवसापासून भाऊ मुका झाला. जेव म्हटलं की जेवायचा, झोप म्हटलं की भिंतीकडे तोंड करायचा. आई म्हणायची, "पोरगा घरात हाय गो, आणि नाय पण." नवरात्रात तो अनवाणी फिरायला लागला तेव्हा मात्र तिला बरं वाटलं. देवीचं धरलंय, म्हणाली. मलाही बरं वाटलं. मी दिवाळीला त्याला निळ्या पट्ट्यांच्या नव्या चपला घेऊन दिल्या आणि मनात म्हटलं, होईल हळूहळू नीट. किती पोरांची लग्नं मोडतात, सगळी काय वेडी होतात?

मी त्याला फोन लावला. बंद. परत लावला, परत बंद. मग आईला लावला. आवाज साधा ठेवायचा म्हणून मी साडीचा पदर मुठीत आवळून धरला होता.

"आये, जेवलीस काय? धाकटा कुठंय?"

"कुठं असल? गेला की कंपनीत, मुरबाडला. सकाळीच डबा घेऊन गेला. का गो?"

"काय नाय, सहजच. फोन लागत नव्हता त्याचा."

मुरबाड एका टोकाला, घाट दुसऱ्या टोकाला. तो आईला खोटं सांगून इथं आला होता. मी कणीसवाल्याकडे धावले. "ही मरून सीटची गाडी कधीपासून आहे?"

"सकाळधरनं हाय. मी आलो तवा व्हतीच."

"आणि माणूस?"

"माणूस नाय बघला," तो म्हणाला आणि कणीस उलटंपालटं करत राहिला. माझ्याकडे बघायचं टाळतोय हे मला स्पष्ट कळलं. अशा जागी धंदा करणाऱ्याला काय काय बघावं लागत असेल, हा विचार मला तेव्हाच सुचायचा होता!

कठडा जिथं संपतो तिथून पुढं खडक आहे, आणि खडकाच्या कडेला करवंदीची जाळी. मी तिकडे गेले. जाळीच्या बुडाशी निळ्या पट्ट्या दिसल्या.

त्यानंतर काय काय झालं ते मला नीट क्रमानं आठवत नाही. मी खाली बसले की पडले, तेही ठाऊक नाही. ह्यांनी मागून येऊन माझा दंड पकडला आणि मी त्यांनाच मारायला लागले. "तुम्हाला फोटो पाहिजे होता ना! काढा आता फोटो!" मी दरीत त्याच्या नावानं हाका मारल्या. आवाज समोरच्या कड्यावर आपटून परत आला, आणि एकदा तर मला वाटलं त्यानंच ओ दिली. पोरं जमली. एकानं मोबाइल वर धरला. "मेल्या, तुझी बहीण रडत असती तर काढला असतास व्हिडिओ?" मी ओरडले. तो मागं सरकला. हे पोलिसांना फोन लावत होते, रेंज येत होती, जात होती. मी देवाला म्हटलं, माझे हात घे, पाय घे, मशीन बंद पडू दे, पण हे नको. आईला काय सांगू? ती डबा देऊन बसली आहे. संध्याकाळी डबा घासायला मागेल तेव्हा काय सांगू?

मी चपला उचलायला हात पुढं केला. छातीशी धरायला, दुसरं काय! तर त्या उचलेनात. वर दगड होता.

नारळाएवढा दगड. खाली दोन्ही चपला तळाला तळ लावून, बोटं एका दिशेला. मी बघतच राहिले.

असं आमचे वडील करायचे. जाळीच्या मागून एक नाळ उतरते, दोन कड्यांमधली उभी घळ. वडील आम्हाला घेऊन त्या नाळेत औषधी पाला आणायला उतरायचे. चपला घालून उतरलं तर गवतावरून पाय सटकतो, म्हणून त्या वरच काढायच्या. नुसत्या सोडल्या तर माकडं पळवणार. मग तळाला तळ लावायचा आणि वर दगड. आम्ही कंटाळा केला की वडील म्हणायचे, "परत यायचाय ना? मग घरी काय अनवाणी जाल?"

परत यायचंय ना! मी ते मोठ्यानं म्हटलं. ज्याला परत यायचं नाही तो माकडांपासून चपला कशाला वाचवेल? मी ह्यांना गदागदा हलवून तेच तेच सांगत होते. ते "हो हो" म्हणत होते, पण त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, आणि लगेच माझंही मन फिरलं. हाताला सवय असते. मी दिवा बंद करून झोपते तेव्हा विचार करते का? त्याच्या हातानं सवयीनं दगड ठेवला असेल आणि मग... त्या क्षणापेक्षा आधीचं रडणं बरं होतं.

"मी उतरते," मी म्हटलं.

"साडीत? वेडी झालीस? पोलीस येऊ देत."

"तुमचे पोलीस तुम्हाला लखलाभ."

साडी गुडघ्यापर्यंत खोचली. माझ्याही चपला काढल्या, तळाला तळ लावला आणि त्याच दगडाखाली सरकवल्या. मग नाळेत पाय घातला. वीसेक वर्षांनी उतरत होते. वजन वाढलेलं, तळवे मऊ झालेले. गवत धरून धरून, बुड टेकून टेकून सरकत होते आणि प्रत्येक खडकाच्या मागं डोकावायला घाबरत होते. हाक मारायचीही हिंमत होईना. हाक मारली आणि उत्तर आलं नाही तर?

मग खाली खसखस ऐकू आली. एका सपाट टप्प्यावर माझा भाऊ ओणवा होऊन काठीनं गवत बाजूला करत होता. हळूहळू, एकेक पुंजका, तांदूळ निवडावेत तसं. शेजारी डबा, उघडलेलासुद्धा नाही.

"ताई? तू हितं कशी?"

मी त्याच्या मुस्काटात मारली. मग दुसरी मारली. मग त्याच्या गळ्यात पडून अशी रडले की वर ह्यांना भलतंच वाटलं आणि तेही वरून नाव घेऊन ओरडायला लागले. "जित्ता हाय!" मी ओरडून सांगितलं. भाऊ माझ्याकडे बघत होता, गालाला हात लावून.

"काय शोधतोयस इथं, मेल्या?"

त्यानं आधी काठीनं आणखी एक पुंजका बाजूला केला. मग म्हणाला, "अंगठी."

साखरपुड्यात मुलीकडच्यांनी घातलेली अंगठी. आमच्याकडे मोडलं की दिलं-घेतलं चार माणसांसमोर परत करायचं असतं, आणि त्यासाठी मुलीकडचे येत्या रविवारी घरी येणार होते. आईनं त्यांच्याकडून आलेली साडी, कपडे सगळं एका पिशवीत भरून ठेवलं होतं. अंगठी भावाकडेच आहे असं ती धरून चालली होती. आणि ह्यानं ती निरोप आला त्याच्या दुसऱ्या दिवशी वरून दरीत फेकून दिली होती. आता कंपनीला दांड्या मारून, मोबाइल बंद करून, रोज येऊन शोधत होता.

"नाय दिली तर चोर म्हणतील मला," तो म्हणाला. "तिच्यासमोर."

त्या एवढ्या दरीत अंगठी! त्याचे तळवे फुटले होते, बोटांना कुसळं टोचून रक्त आलं होतं. मीही गुडघ्यावर बसले आणि गवत चाळायला लागले. उपयोग नाही हे मला दिसत होतं, त्यालाही दिसत होतं, तरी आम्ही शोधत राहिलो. थोड्या वेळानं माझा श्वास जाग्यावर आला आणि माझं तोंड परत सुरू झालं.

"दुसरी करून घेऊ. मी बोलते त्यांच्याशी. तू समोर यायचंपण नाय. पण खरं सांग, अंगठी फेकायला एवढं पेट्रोल जाळून इथवर कशाला यायचं रे? घरामागं ओढा नव्हता?"

मला वाटलं, हसेल. त्यानं काठी खाली ठेवली.

"अंगठी फेकायला नव्हतो आलो, ताई."

वर रस्त्यावर एक एसटी हॉर्न वाजवत गेली. मी म्हटलं, "मग?"

"मग लय वेळ उभा राहिलो. आये दिसत व्हती खाली. म्हंजी आये नाय, आपला कौलारू घर. मग अंगठीच काढली नि टाकली."

मला विचारायचं नव्हतं. पण विचारल्याशिवाय मी त्या नाळेतून वर चढू शकले नसते.

"त्या दिवशी चपलांवर दगड ठेवला व्हतास?"

"नाय," तो म्हणाला. "माकडांनी नेल्या. तसाच अनवाणी गेलो घरी."

नवरात्रात अनवाणी. देवीचं धरलंय, असं आई फोनवर म्हणाली होती आणि आम्हा दोघींना किती बरं वाटलं होतं. मी त्याचं मनगट धरलं आणि त्याला पुढं घालून वर चढले. साखरपुड्याला आम्ही गेलो नाही. कठड्यावर राहिलेला पेढ्यांचा डबा माकडांनी केव्हाच फोडला होता. ह्यांनी पोलिसांना सापडला म्हणून कळवलं, काही न विचारता भावाच्या गाडीची किल्ली मागून घेतली, आमच्या कारची त्याच्या हातात दिली आणि मोटारसायकल घेऊन पुढं निघाले. भावानं आमची गाडी चालवली, मी शेजारी बसले. घाट उतरून वैशाखरे येईपर्यंत मी त्याच्या पायांकडे बघत होते. चपला त्याच्या पायात होत्या.