रुईवरचा सोंड्या

दिग्रसच्या बाजारात धम्मरत्नचं घड्याळं आणि मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. डोळ्याला भिंग लावून बसायची सवय. ते भिंग त्यानं एकदा शेतकरी दोस्त अतुलच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, रुईला लावलं आणि नसती कटकट मागे लागली.

ही रुई म्हणजे शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतात ती. तिच्या फळात त्याला राखाडी रंगाचा, लांब सोंडेचा किडा सापडला. हा सोंड्या रुई सोडून कशाला तोंड लावत नाही. रस्ता रुंद करताना बाकीची रुई गेली, तेव्हापासून तो फक्त या बांधावरच दिसतो.

पण सांगायचं कुणाला? सोंड्या म्हटलं की लोकांना गव्हातले सोंडेच आठवतात. बायको दीपा म्हणाली, "कडुनिंबाचा पाला टाका, जातेत." शेजारी तर पावडरीची पुडीच घेऊन आला. पालथ्या घड्यावर पाणी! चिडून चिडून धम्मरत्ननं सांगणंच सोडून दिलं.

शेवटी अमरावतीच्या कॉलेजातल्या, किड्यांचा अभ्यास करणाऱ्या अर्पिता मॅडमनी फोटो पाहिले. म्हणाल्या, "नाव फोटोवरून सांगता येणार नाही, जिवंत पाहायला हवा. रविवारी येते." गड्याला काय हुरूप आला! लगेच अतुलला फोन लावला. "अतुल, रुईवर सोंडे हायेत. रविवारी मॅडम पाहाले येऊन राह्यल्या. ध्यान ठेवजो बाबू."

आता बोला! जिनिंगच्या या गावात रुई म्हणजे सरकी काढलेला कापूस. अतुलला पराटीच, म्हणजे शेतातली कपाशीच आठवली, त्याचा तरी काय दोष?

रविवारी धम्मरत्न आणि अतुल बांधावर पोचले, तर धुरा चकाचक. रुई मुळापासून उपटून जाळलेली. राख अजून कोमट होती.

"रुई कुठी हाय?" धम्मरत्न राख चिवडत म्हणाला.

अतुलनं हसून समोरच्या पराटीकडे हात केला. "हे काय! तुया फोन आला तसाच फवारा मारला. अन् बाहेरच्या बाई येनार, मनून धुराबी साफ केला. एवढं तं कराच लागते ना दोस्तासाठी!"

धम्मरत्नला ओरडायचं होतं. पण एवढ्या मायेनं केलेल्या कामावर ओरडायचं कसं? तेवढ्यात फाट्यावर उतरलेल्या मॅडमचा फोन वाजायला लागला.

"आता एक सोंड्या दाखव मले," अतुल म्हणाला.

"तेच तं राजा," धम्मरत्न म्हणाला, "आता कायचा दाखवू?"