शेळी नसलेल्या प्राण्याचा जबडा

दामूअण्णा गेल्याचं मला शोकसभेच्या पत्रिकेवरून कळलं. तीत शाळेच्या अध्यक्षांचं नाव अण्णांच्या नावाच्या दुप्पट मोठ्या अक्षरांत होतं.

दामूअण्णा माझे मित्र, बोईसरच्या शाळेत विज्ञानाचे मास्तर. त्यांच्या धाकट्या भावाने शिवालिक टेकड्यांतल्या कालव्याच्या कामावरून एक जबडा पाठवला होता, काळा, दगड झालेला. पाहणारे म्हणत, शेळीचा. अण्णांना ते पटेना. पालघरच्या खाटकाकडून जबडे आणून, उकळून, दोन वर्षं ते दाताशी दात ताडून पाहत राहिले. प्राणी शेळीसारखाच चरणारा, पण कुळ निराळं, आणि ते कुळ पृथ्वीवरून केव्हाच संपलेलं, असं त्यांचं मत झालं. मुंबईच्या एका तज्ज्ञांनी कळवलं, दातांच्या माथ्यावरच्या कडा प्रत्यक्ष पाहून सांगतो. ते पत्र अण्णा महिनाभर खिशात घेऊन फिरत होते...

तज्ज्ञ यायच्याच आठवड्यात तारापूरच्या वीजकेंद्राच्या कामावरचे कोणी साहेब शाळा पाहायला येणार होते. अध्यक्षांनी फर्मान काढलं, प्रयोगशाळेतली प्रत्येक वस्तू चकाकली पाहिजे. शिपाई लखमाने पितळी तराजूबरोबर अण्णांनी तिथल्या कपाटात ठेवलेला जबडाही दोन दिवस चिंचेच्या कोळात बुडवला आणि विटेच्या भुकटीने घासला.

"मास्तर, किती काला पडलेला! आता बगा, कसा लकाकतो!"

अण्णा त्याच्यावर रागावले नाहीत. अध्यक्षांकडे मात्र गेले. मी बरोबर होतो. "दातांवरच्या कडा गेल्या," एवढंच म्हणाले.

"अहो मास्तर, एवढं काय त्यात! दुसरी शेळी आणू."

तज्ज्ञ आले. दातांवरून बोट फिरवून म्हणाले, "आता काहीच सांगता येणार नाही." अण्णांनी त्यांना चहा पाजला, स्टेशनवर पोचवलं आणि तो विषय पुन्हा काढला नाही.

शोकसभेत अध्यक्ष पाऊण तास स्वतःविषयी बोलले आणि शेवटी म्हणाले, मास्तरांनी शाळेला प्राचीन शेळी मिळवून दिली. टाळ्या पडल्या. शोकसभेत! माझा राग अजून उतरलेला नाही. उतरावा असं वाटतही नाही.

मी उठून प्रयोगशाळेत गेलो. सभेसाठी तीही लख्ख केलेली होती. कपाटातल्या जबड्यावर मात्र जाड धूळ साचली होती. लखमा दारात उभा होता.

"सगला घासाया सांगितला व्हता," तो म्हणाला. "पन त्या दिसापासून याला मी पानी नाय लावला. कोनाला लावू बी नाय दिला."