रविवारचे चार

आमच्या सेफ्रू गावात अल्लाल भट्टीवाल्याइतका हेकट माणूस दुसरा नाही, आणि हे मी त्याच्या तोंडावर सांगतो. सगळ्या गल्लीच्या रोट्या त्याच्या भट्टीत भाजल्या जातात. सरकारनं घड्याळ तासभर पुढे नेलं, पण याच्या मनगटावर जुनीच वेळ. रमजानात सरकार काटे मागे घेतं, तेवढा महिना दोघांचं पटतं. ईदनंतरच्या रविवारी सरकार पुन्हा पुढे, हा जागच्या जागी.

घात रमजानातच झाला. त्याची मुलगी तामू एकतीस वर्षांची, अजून बिनलग्नाची. फेझ शहरातल्या लल्ला झहूर, म्हणजे झहूरबाई, यांचा फोन आला, "ईदनंतरच्या रविवारी चारला मुलाला घेऊन मागणी घालायला येतो." हा म्हणाला, "या." कोणते चार, हे कुणी विचारलंच नाही, त्या महिन्यात चार एकदाच वाजत होते.

रविवारी सकाळी त्याच्या डोक्यात उजेड पडला: आजपासून चार पुन्हा दोनदा वाजणार. दोन वर्षांपूर्वी एक स्थळ घड्याळाच्या अशाच घोळात दाराचं कुलूप बघून परत गेलं होतं.

"फोन करून विचार की," मी म्हटलं.

"मुलीच्या बापाला घड्याळ कळत नाही म्हणतील."

"ते तर खरंच आहे."

शेवटी त्यानं काटा पुढे केला. "ब्राहिम, कुणाला बोलू नकोस." मी फक्त बायकोला बोललो.

चारला तो पांढरा झगा घालून दारात उभा. कुणी नाही. सव्वाचार. साडेचार. तामूनं पुदिन्याचा चहा ओतून दिला, नवा ठेवला, तोही ओतला.

"बा, त्यांना कुणी माझ्याबद्दल काही सांगितलं असेल का?"

"कोण सांगणार?" म्हणत त्यानं माझ्याकडे पाहिलं. जन्मात एकदा मी निर्दोष होतो, तर कुणाला पटेना.

"आता तरी फोन कर."

"आता केला तर मुलगी गळ्यात मारतोय असं वाटेल."

पाचला गाडी आली. लल्ला झहूर घामाघूम उतरल्या, मागे मागणीच्या साखरेच्या उंच ढेपा घेऊन मुलगा. "तुमच्याकडे जुनी वेळ चालते असं कळलं. म्हणून तासभर वेशीपाशी उन्हात बसलो." मग त्यांना अल्लालचं घड्याळ दिसलं. "हे तर पाच दाखवतंय."

आतून बाहेर येत तामू म्हणाली, "लल्ला, बांनी पहिल्यांदाच काटा पुढे केला. तुमच्यासाठी."

लल्ला झहूर तिच्याकडे वळल्या. "आणि तू तासभर काय केलंस?"

"दोनदा चहा ओतून दिला. तिसरा आता ठेवते."

"ठेव," त्या म्हणाल्या आणि मुलाच्या हातातली साखर घेऊन त्यांनी स्वतः तिच्या हातात दिली.

अल्लाल पाहुण्यांना आत या म्हणायचंही विसरला. तो उंबऱ्यावरच बसला होता.